डाव्या गालफडातली काडी

शिफारसपत्र, नमुना क्रमांक चार. विषय: आदर्श विक्रेता पुरस्कारासाठी नाव सुचवण्याबाबत. नाव: प्यो सुन-दॉक. लिंग: स्त्री. वय: कागदोपत्री एकोणसाठ. पत्ता: सामचॉन्पो बंदर बाजार, दुसरी गल्ली, गाळा क्रमांक सतरा. व्यवसाय: धार्मिक व इतर कार्यांसाठी डुकराची मुंडी उकडून देणे. अनुभव: एकतीस वर्षे. ओळखीची खूण: उजव्या मनगटावर वाफेचा जुना चट्टा. तक्रारी: निरंक. अपघात: निरंक. स्वभाव: निर्भय. शेरा: सदर महिलेने उकडलेल्या मुंडीच्या मुखावरील हास्य पूर्णतः नैसर्गिक असून त्याकरिता कोणतेही कृत्रिम साधन वापरले जात नाही, असे समितीने प्रत्यक्ष पाहणी करून खात्री करून घेतली आहे.

पाहणी खरंच झाली होती. बाजार समितीचे अध्यक्ष तीन वेळा गाळ्यावर आले, तिन्ही वेळा गालफडाच्या चकत्या खाल्ल्या आणि खात्री करून घेतली. ‘निर्भय’ हा शब्द त्यांना सुचला तो सुन-दॉकला उकळत्या पाण्यात उघडा हात घालताना पाहून. हाताचं ठीक आहे. एरवी ही बाई टेलिफोनला भीत असे, डॉक्टरला भीत असे, दारात येऊन न बोलता उभ्या राहणाऱ्या माणसाला भीत असे. आणि रोज सकाळी पातेल्याचं झाकण उचलायच्या क्षणी ती डोळे गच्च मिटून घेई. एकतीस वर्षं मिटत आली होती.

कारण आत मुंडी हसते आहे की नाही, हे झाकण उचलल्यावरच कळतं. नवी नाव पाण्यात घालायची असो, जुन्या नावेला नवं इंजिन बसवायचं असो, नाहीतर कुणी फोटोकॉपीचं दुकान टाकत असो, पुढ्यात डुकराची मुंडी मांडायची, तिच्या तोंडात नोटा खोचायच्या आणि तीनदा जमिनीला कपाळ टेकायचं, ही आमच्याकडची रीत. मुंडी हसरी हवी. रडक्या मुंडीपुढे कोण कपाळ टेकेल?

आणि हसू असतं गालफडात. मुंडी आधी जाळावर धरून केस भाजायचे, सुरीनं खरवडायचे, मग थंड पाण्यात ठेवून, तीन पाणी बदलून रक्त काढायचं. पहिली उकळी ओतून द्यायची. दुसऱ्या पाण्यात आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, ठेचलेलं आलं, सालीसकट कांदा, पातीच्या कांद्याच्या मुळ्या, अख्खे मिरे आणि बाटलीभर दारू. हनुवटीखालून कापडाची पट्टी घेऊन कानांमागे बांधायची, म्हणजे कातडी आवळत जाते तसे गाल वर चढतात. यानंतर पाणी उकळता कामा नये, नुसतं कुजबुजलं पाहिजे. दोन तास दहा मिनिटं. जाळ वाढला की गालाची कातडी ओठाच्या कोपऱ्यात फाटते, आणि फाटलेला गाल परत चढत नाही.

खाणारे मुंडीत बरंच काही शोधतात. कान कुरकुरीत, जीभ मऊ, नाक चिवट आणि खाणाऱ्याच्या हौसेवर अवलंबून. पण चव म्हणाल तर गालफडात. डुक्कर जन्मभर एकच काम मन लावून करतं, चघळण्याचं. त्यामुळे तो स्नायू काळसर, बारीक धाग्यांचा होतो, आणि धाग्याधाग्यांत असा चिकट रस की नीट शिजला तर ओठाला ओठ लागून राहावा. वर बोटभर चरबी, तिच्यावर कातडी. तिरकी पातळ चकती काढायची, तिच्यावर मिठात मुरवलेला जवळा चिमूटभर. आधी फक्त खार लागतो. मग चरबी विरघळते, आणि दोन चावे झाल्यावर कुठूनतरी गोडवा येतो. सुन-दॉक स्वतः तो गोडवा लागला की मान हलवायची. तेवढाच तिचा निवांत वेळ.

तर मार्चमधली ती सकाळ. तांडेल चॉन मान-सू यांच्या ‘देसॉन’ नावेला नवं इंजिन बसलं होतं. दहाला पूजा, बाराच्या भरतीला नाव सुटणार. मुंडी सातपासून पातेल्यात होती, आणि नऊच्या सुमारास समितीचा फोटोग्राफर आला. शिफारसपत्राला फोटो लागतो.

“मावशी, झारा हातात धर. असा. आता हस.”

कुणी हस म्हटलं की सुन-दॉकला हसता येत नसे.

“दात नको दाखवू. जरा गाल वर घे, गाल!”

तो टेबलावर चढला, उतरला, बाहेरच्या दोन बायकांना सरकवून आला. सुन-दॉक चुलीकडे पाठ करून उभी होती आणि गाल वर घेत होती. शेवटी शेजारच्या गाळ्यावरून जवळावाली यॉन-शिम ओरडली, “अगं, तुझा नवरा चोरून आणलेली कोंबडी पायजम्यात लपवून पळाला होता ते आठव!” तेव्हा कुठे ती हसली. फोटो निघाला. आणि तिच्या कानांवर मागून आवाज आला, तो कुजबुजण्याचा नव्हता. पाणी चांगलं मोठमोठ्यानं बोलत होतं.

तिनं डोळे मिटले, झाकण उचललं, डोळे उघडले.

उजवा गाल हसत होता. डावा ओठाच्या कोपऱ्यात दोन बोटं फाटून खाली लोंबला होता. सुन-दॉकनं नजर फिरवली, आणि ती केवळ धंद्याच्या काळजीनं नव्हे. तिचा नवरा अर्धांगाच्या झटक्यानं अंथरुणाला खिळला तेव्हा शेवटचे चार महिने तिच्याकडे पाहून नेमका असाच हसायचा.

“ताई,” ती म्हणाली, “ताई, इकडे ये. लवकर.”

यॉन-शिम तिच्याहून चार वर्षांनी मोठी, आणि गल्लीतल्या सगळ्यांहून चार पट तोंडाळ. ती आली, पातेल्यात डोकावली आणि झाऱ्यानं लोंबता गाल उचलून पाहिला. मग म्हणाली, “दुसरी आहे?”

“दुसरी कुठली? खाटकाकडून आणून भाजेपर्यंत बारा वाजतील.”

“तांडेलला सांग, अर्धी हसतेय. अर्धं इंजिन चालेल.”

“चेष्टा करू नकोस गं. पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीचं काय झालं, तुला ठाऊक आहे.”

ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारीच्या पातेल्यातून एका वर्षी रडक्या तोंडाची मुंडी निघाली, मालकानं तशीच नेली, आणि नाव परत आली नाही. नाव वादळात गेली. त्या रात्री आणखी तीन गेल्या, त्यांच्या मुंड्या चांगल्या खिदळत होत्या. पण म्हातारीकडे त्यानंतर कुणी गेलं नाही.

यॉन-शिमनं एप्रनच्या खिशात हात घातला. कुठल्याही खानावळीतून उठताना मूठभर दातकोरण्या उचलायची तिला सवय होती. त्यातल्या दोन काढून तिनं सुन-दॉकच्या तळव्यावर ठेवल्या. “गाल वर ओढ, आतून टोच आणि गप्प बस.”

सुन-दॉकनं गाल वर ओढला आणि दोन्ही काड्या आतून टोचल्या. तेही अर्थात डोळे मिटूनच. उघडले तेव्हा मुंडी दोन्हीकडून हसत होती, जराशी जास्तच.

पूजा धक्क्यावर झाली. सुन-दॉक घाम पुसत मागे उभी होती. मांसातनं वाफ निघत होती, तांडेल वाकत होते, आणि तिला वाटत होतं की धक्क्यावरचे सगळे लोक डाव्या गालाकडेच बघताहेत. तिसऱ्या नमस्काराला तांडेलचं कपाळ जमिनीला टेकलेलं असताना डावा कोपरा अंगुळभर खाली आला, आणि त्याबरोबर डाव्या डोळ्याची पापणी.

सुन-दॉकनं डोळे मिटले.

“डोळा मारला!” नावेवरचा म्हातारा आचारी ओरडला. “तांडेल, मुंडीनं डोळा मारला तुम्हाला!”

तांडेल उठून बघतात तो मुंडी खरंच मिश्कील दिसत होती. ते गडगडून हसले. “यंदा बांगड्यानं नाव बुडते की काय बघा!”

एरवी पूजेनंतर मुंडी सुन-दॉकच कापी. तिचा बेत सरळ होता: पहिली सुरी डाव्या गालाला, काड्या मुठीत, मूठ खिशात. पण इंजिनवाला भरतीच्या नावानं ओरडायला लागला आणि तांडेलनी सुरी स्वतःच उचलली. “पहिल्या जाळ्याचा घास मी घेतो मावशी, जाळं पडलं की खाईन, बाकी तू वाट,” असं म्हणून त्यांनी डावं गालफड कातडीसकट एका झटक्यात उतरवलं, तिळाच्या मोठ्या पानांत गुंडाळलं आणि खिशात घातलं. अर्ध्या तासात नाव धक्का सोडून गेली.

सुन-दॉक उरलेली मुंडी कापायला बसली. जिथून गाल उतरवला होता तिथे कडेलाच एक लाकडी काडी होती. दुसरी नव्हती. तिनं चकती न् चकती बोटांनी चिवडली, फळी पाहिली, फळीखालची जमीन पाहिली, एप्रनची शिवण उसवून पाहिली. लोक “मावशी, किती हात लावतेस, वाढ की!” म्हणत होते. दुसरी काडी डाव्या गालात होती. डावा गाल तांडेलच्या खिशात होता. तांडेल समुद्रात होते.

“चावेल ना माणूस!” गाळ्यावर परतल्यावर यॉन-शिम म्हणाली. “दाताखाली आली की थुंकेल.”

“पहिल्या जाळ्याचा घास दातानं तोडत नाहीत ताई. सगळा एकदम तोंडात, वर दारूचा पेला, आणि खाली. नशीब तुटू नये म्हणून. आणि चॉन तांडेल कसे जेवतात, तू पाहिलंयस.”

यॉन-शिमनं पाहिलं होतं. ते जेवत नसत, माल उतरवत असत.

“बरं, गिळली तर गिळली. लाकडाची काडी. सकाळी बाहेर.”

“दोरवाला सुतार,” सुन-दॉक म्हणाली.

यॉन-शिमनं हातातली टोपली खाली ठेवली. दोराच्या दुकानावरच्या सुतारानं पुतण्याच्या लग्नात बांबूच्या काडीचं टोक गिळलं होतं. तीन दिवसांनी गेला. तोसुद्धा शहरात, इस्पितळात, दोन डॉक्टर उशाशी असताना. ‘देसॉन’वर औषध म्हणून आयोडिनची बाटली आणि म्हातारा आचारी होता.

“रेडिओवर सांगता येतं,” सुन-दॉक हळूच म्हणाली. “तीनला हवामानाच्या वेळी सगळ्या नावा ऐकत असतात.”

“सगळ्या! तेच म्हणतेय मी. चाळीस नावा ऐकत असतात. तू तिथे जाऊन सांगणार की मुंडीचं हसू खोटं होतं? उद्या गाळा बंद कर आणि माझ्याकडे जवळा निवडायला ये. रोजंदारी कमी आहे, आधीच सांगते.”

सुन-दॉक गाळ्यात जाऊन बसली. तिनं आलं सोलायला घेतलं. बरंच आलं सोलून झालं तेव्हा लक्षात आलं की उद्या एकही मुंडी नाही. तिला आतड्यांचा विचार येत होता. एकतीस वर्षं डुकराची आतडी धुतलेली बाई. ती किती पातळ असतात, नखानंसुद्धा कशी फाटतात, हे तिला जरा जास्तच नीट माहीत होतं. मग गाळ्याचा विचार आला. मग परत आतड्यांचा. जाळं साधारण चारला पडतं. पावणेतीनला तिनं चूल विझवली, आणि ती मच्छीमार सोसायटीच्या रेडिओखोलीकडे चालू लागली. वाटेत दोनदा ती बर्फाच्या पेट्यांना धरून उभी राहिली.

रेडिओखोलीत मिन साहेब हवामानाचा कागद घेऊन बसले होते.

“साहेब, एका नावेशी बोलायचंय. एकट्याच नावेशी.”

“एकट्या नावेशी बोलायचं तर पोस्टकार्ड टाका मावशी. हा रेडिओ आहे. एक बोलतो, सगळे ऐकतात.”

“माणूस मरेल साहेब.”

मिन साहेबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कागद खाली ठेवला. “हे बटण दाबून बोला, सोडून ऐका.”

सुन-दॉकनं बटण दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. डोळे मिटले. “चॉन तांडेल, मी मुंडीवाली सुन-दॉक. तो गाल खाऊ नका. त्यात काडी आहे, दात कोरायची. मीच टोचली. गाल फाटला होता. हसू... हसू खरं नव्हतं. ऐकू येतंय का? खाऊ नका. तांडेल? का बोलत नाही कुणी?”

“बटण सोडा, म्हणजे बोलतील,” मिन साहेब म्हणाले.

तिनं सोडलं. खोलीत आधी नुसती खरखर. मग एकदम तीन-चार आवाज एकमेकांवर चढले.

“मावशी, माझ्या नावेच्या मुंडीचं हसू?”

“तुझं खरं होतं रे,” सुन-दॉक बटण दाबून म्हणाली.

“मग मासळी का नाही मिळाली?”

“तुझं तोंड बघून पळाली!” दुसरा कुणी म्हणाला. “मावशी, माझ्या सासूचं पण हसू खोटंय, तिला कुणी काडी टोचली?”

“गप्प बसा सगळे!” मिन साहेब ओरडले. “देसॉन, देसॉन, उत्तर द्या.”

खरखर. सुन-दॉकनं कान रेडिओला लावला. मग म्हाताऱ्या आचाऱ्याचा आवाज आला, बाजूला सळसळ. “देसॉन बोलतेय. मासळी दिसली म्हणून जाळं लवकर टाकलं.”

“तांडेल कुठेत?” सुन-दॉकनं विचारलं.

“इथेच उभे आहेत. बोलता येत नाहीये त्यांना.”

सुन-दॉकनं टेबलाची कड धरली. “काय झालं? रक्त येतंय का? काका, रक्त येतंय का बघा!”

“रक्त नाही. तोंडात घास आहे.”

“थुंका म्हणावं!”

“अगं बाई, पहिल्या जाळ्याचा घास. थुंकला तर...”

“थुंका!” सुन-दॉक इतक्या जोरात ओरडली की खिडकीवरचे समुद्रपक्षी उडाले. या बाईचा एवढा आवाज बाजारात कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी चाळीस नावांनी ऐकला. “मी सांगते ना, थुंका! नशीब गेलं खड्ड्यात, आतडं फाटेल तुमचं!”

खरखर. कुणी विनोद केला नाही. मिन साहेबांनी हवामानाच्या कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

“मावशी.” तांडेलचा आवाज होता. “थुंकलं.”

मिन साहेबांनी विचारलं, “काडी मिळाली?”

“नाही. थाळ्यात घेऊन तिघांनी कुस्करून बघितलं. धागा न् धागा सुटा केला. काडी नाही.”

“म्हणजे आधी गिळली तुम्ही!” सुन-दॉक म्हणाली.

“पहिलाच घास होता तो. सबंध. आत काही नव्हतं मावशी.” मग ते म्हणाले, “इतकं चांगलं शिजलेलं गालफड मी जन्मात थुंकलं नव्हतं.”

ती गाळ्यावर परतली तेव्हा यॉन-शिम वाट बघत उभी होती. बातमी तिच्याआधीच पोचली होती. गल्लीतल्या दोन दुकानांत रेडिओ होते. दोन बायका सुन-दॉककडे बघून बोलायच्या थांबल्या.

“ताई,” सुन-दॉक म्हणाली, “काडी गालात नव्हती. मुंडीत नव्हती. मग मांस वाटताना कुणी पाहुण्यानं... शाळेचे हेडमास्तर होते. ती दोन बारकी पोरं होती. ताई, मी घरोघर जाऊन विचारू का?”

“थांब.” यॉन-शिमला काहीतरी आठवलं. तिनं एप्रनच्या खिशातला सगळा साठा टोपलीवर ओतला. बऱ्याचशा काड्या लाकडी. त्यांत चार-पाच हिरवट, काचेसारख्या. “नूडलवाल्यानं या नव्या ठेवल्यात. पिठाच्या आहेत. उष्टं डुकरांना घालतात ना, लाकडी काड्या त्यांच्या घशात टोचतात. म्हणून या. पाण्यात विरघळतात.”

सुन-दॉकनं एक हिरवी काडी उचलून उजेडात धरली. काडीचा रंग बघण्याइतके डोळे तिनं सकाळी उघडलेच नव्हते.

यॉन-शिमनं एक हिरवी काडी गरम चहात टाकली. दोघी त्या कपावर वाकून बसल्या. पाच मिनिटांत काडी शेवयासारखी वाकली, आणि मग कपात नुसतं गढूळ पाणी उरलं.

“डोळा मारला तो असा,” यॉन-शिम म्हणाली. “म्हणजे तू उगाच गेलीस. गप्प बसली असतीस तर कुणाला काही कळलं नसतं.”

सुन-दॉकनं तो चहा फेकून दिला आणि कप दोनदा धुतला. त्यानंतर ती भिंतीला टेकून बसली, ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

‘देसॉन’ चौथ्या दिवशी परतली. मासळी ना फार ना थोडी. थुंकलेल्या घासाचा बांगड्यांवर काय परिणाम झाला, हे कुणाला सांगता आलं नाही. तांडेल बंदरात उतरले ते थेट गाळा क्रमांक सतरावर आले, आणि न बोलता पाटावर बसले. सुन-दॉकनं पाठीमागे हात पुसले. तिला वाटलं, आता शिव्या.

“गालफड आहे का?” त्यांनी विचारलं. “माझं राहिलंय.”

तिनं चकती कापली, आधी स्वतः चावून पाहिली, मग त्यांच्यापुढे ठेवली. ते चावून चावून खाऊ लागले.

धंदा बंद पडला नाही. गिऱ्हाईक येतं, फक्त प्रत्येक जण मुंडी ताब्यात घेण्याआधी तिच्या तोंडात बोट घालून दोन्ही गाल आतून चाचपतो, आणि सुन-दॉक ते संपेपर्यंत दुसरीकडे बघते. शिफारसपत्र त्या सकाळीच पुढे गेलं होतं. ते परत मागवायचं तर नमुना क्रमांक सात भरावा लागतो, म्हणून समितीनं मागवलं नाही. पुरस्कार मिळाला. प्रमाणपत्र चुलीच्या वर काचेत लावलं आहे, शेजारी तो फोटो.

गाल फाटला तर शिवायला सुन-दॉक हल्ली दोरा वापरते. पांढरा, सुती, दहा बोटं लांब. कापताना आधी तो बाहेर काढते आणि सगळ्यांसमोर मोजते.